झेंडीवाले मास्तर

रेल्वेतून निवृत्त होताना कोणी कंदील आणतं, कोणी घड्याळ. आमच्या मास्तरांनी दोन झेंड्या आणल्या, एक हिरवी आणि एक लाल. त्या सरकारी होत्या की विकत घेतलेल्या, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर लाल झेंडी वर झाली असती.

त्या झेंड्या आता गाड्यांसाठी राहिल्या नव्हत्या, आमच्यासाठी होत्या. आम्ही म्हणजे गोंदियाचे आणि आसपासच्या गावांचे बी.ए. नागपूरला विद्यापीठ नवंनवं झालेलं. गावातून एखादा पोरगा पदवी घेऊन आला की बैलगाडीतून वाजतगाजत घरी न्यायचे. पुढच्या महिन्यात तोच पोरगा ओट्यावर बसून माशा हाकलताना दिसायचा. मी त्यातलाच एक.

मास्तर सालेकशाच्या बाजूला, जंगलातल्या एका लहानशा स्टेशनात स्टेशन मास्तर होते. तिथं माणसापेक्षा मोहाची पोती जास्त चढायची. त्या फलाटावरच्या बाकड्यावर रोज दुपारी एक पदवीधर येऊन बसायचा. मास्तर त्याचं आणि आपलं बोलणं दोन्ही आवाजात करून दाखवायचे.

"काऊन बे, कोनाची वाट पाहून राहिला?"

"कोणाची नाही जी."

"मंग कोनती गाडी पकडतं?"

"कोणतीच नाही जी."

"मंग बसला कायले?"

"बी.ए. झालो जी."

इथं मास्तर स्वतःच इतके हसायचे की धोतराचा सोगा डोळ्यांना लावायचे. मग एकदम गंभीर होऊन म्हणायचे, "तिकीट काढलं म्हणून गाडी येते का रे? आन् आली तरी तुह्यासाठी थांबते का?"

तेव्हापासून त्यांनी मनात घेतलं होतं की या पोट्ट्यांना गाडीत चढायला शिकवायचं. निवृत्त झाल्यावर गोंदियात रेल्वे फाटकाजवळ घर घेतलं आणि दर रविवारी ओसरीवर आमची शाळा भरवली. फी नाही. अट एकच, ज्याला नोकरी लागेल त्यानं रविवार सोडायचा नाही. येऊन मागच्याला शिकवायचं. नोकरी लागली आणि आलाच नाही, असा एकजण निघाला. मास्तर त्याच्या कचेरीबाहेर लाल झेंडी धरून उभे राहिले. पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी हजर.

मुलाखतीचा सराव हा बघण्यासारखा प्रकार असायचा. मास्तर कुठल्याशा गोऱ्या इन्स्पेक्टरची टाकलेली हॅट डोक्यावर चढवून लाकडी पेटीवर बसायचे. हॅट घातली की ते साहेब. त्यांना हसायचं नाही, त्यांना मास्तर म्हणायचं नाही. साहेब इंग्रजीतून विचारायचे, तुला काय येतं? पोरगा सुरू व्हायचा, सर, मी अमुक विषय घेऊन पास झालो. लाल झेंडी वर. हॅट खाली.

"पास झाला ते कागदावर आहे. साहेबाले वाचता येते. तू केलं काय ते सांग."

"काही केलं नाही जी अजून."

हिरवी झेंडी वर. "आता खरं बोलून राहिला. चाल, काहीतरी करून ये."

बढाईला लाल, खऱ्याला हिरवी, एवढंच त्यांचं शास्त्र. काकू, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, आतून म्हणायच्या, "यांच्या हाती झेंडी, माझ्या हाती पळी. गाडी कशावर चालून राहिली ते पाहून घ्या बाप्पा." आणि खरंच, रविवारची अर्धी हजेरी काकूंच्या वड्यांमुळे असायची.

"काहीतरी करून ये" म्हणजे काय, ते मला फाटकावर कळलं. धानाचा हंगाम आला की राइस मिलकडे येणाऱ्या बैलगाड्यांची दोन्ही बाजूंनी रीघ लागायची. फाटक उघडलं की इकडच्यांनाही आधी घुसायचं, तिकडच्यांनाही. मधोमध चाकात चाक अडकायचं. मास्तर मला म्हणाले, "जा, मोकळं कर. ओरडायचं नाही, शिवी द्यायची नाही, इंग्रजी तर अजिबात नाही."

मी मधोमध उभा राहून शिस्त, सहकार्य आणि नागरिकांची कर्तव्यं यांवर बोललो. कॉलेजात याच भाषणाला टाळ्या पडल्या होत्या. एक गाडीवान शांतपणे म्हणाला, "बाबू, बाजूले व्हा जी. बैल लाथ मारते."

माझ्यानंतर मास्तरांनी तेजरामला पाठवलं.

तेजराम सालेकशाचा, पोवाराचा मुलगा. त्याचे पूर्वज माळव्यातून आले असं तो सांगायचा आणि पुढं जोडायचा, "तेही बहुतेक नोकरीच पाहून राहिले असतीन." घरी पोवारी, दारात झाडीबोली, बाजारात हिंदी आणि कॉलेजात गप्प, असा तो. तो गेला आणि सगळ्यांत म्हाताऱ्या गाडीवानाच्या जुवापाशी उकिडवा बसला. म्हणाला, "बाबाजी, मले काही समजून नाही राहिलं. यातली कोनती गाडी आधी मांगं घ्यावं लागंल?" म्हातारा ताठ झाला. उभा राहिला. काठीनं दाखवत हुकूम सोडू लागला, आणि जो तो त्याचं ऐकू लागला. फाटक मोकळं झालं.

तेजरामनं काहीच केलं नाही असं माझं मत पडलं. मास्तरांनी हिरवी झेंडी अशी फडकवली की खरा गार्ड गोंधळला असता. मी त्या रात्री जेवलो नाही. हे सांगायला लाज वाटते, पण आता सगळं सांगायचंच ठरवलं आहे, तर हेही असू दे.

माझ्यावर आणखी एक दडपण होतं, ते माझ्या वडिलांच्या दाढीचं. मी नोकरीला लागेपर्यंत दाढी करणार नाही असा नवस त्यांनी बोलला होता. त्यांना वाटलं असावं, महिना-पंधरवड्याचं काम आहे. ती आता छातीवर रुळू लागली होती. बाजारात अनोळखी बाया त्यांच्या पाया पडायच्या. ते घरी येऊन काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्यासमोर बसून दाढी विंचरायचे. तेजरामचीही निकड कमी नव्हती. तो कॉलेजात गेल्यापासून त्याच्या वाट्याचा नांगर थोरला भाऊ धरत होता.

अशात एका मिलच्या सेठनं मास्तरांकडे माणूस मागितला. "अंग्रेज़ी चिट्ठी लिखे, और आदमी भी संभाले. एक ही चाहिए, मास्टरजी, पर पक्का."

मास्तर म्हणाले, "मुलाखत कायले घेता? केशोरीले लग्न आहे. माह्या स्टेशनातल्या जुन्या सांधेवाल्याची पोरगी. पंगत माही पोट्टी सांभाळनार. तुम्ही या, पाहा, आन् पसंत पडंल तो उचला."

सेठ येणारच होते, कारण नवरदेवाच्या घरचं धान त्यांच्याच मिलमध्ये पडायचं. पंगत सांभाळणं ही मास्तरांच्या लेखी सगळ्यांत मोठी परीक्षा. ते म्हणायचे, जिल्हा चालवणं सोपं आहे, तिथं पोलीस असतात. पंगतीत व्याही असतात.

छोट्या रुळांच्या रेल्वेनं आणि मग बैलगाडीनं आम्ही केशोरीला पोचलो. सगळ्यांच्या डोक्यावर मास्तरांनी सारख्याच पांढऱ्या टोप्या चढवलेल्या. गावातली पोरं "पलटन आली, पलटन आली" म्हणत मागं धावत होती. मास्तरांनी कामं वाटली. तेजरामला भाताचं टोपलं आणि मला माणसं बसवण्याचं काम. दुपारच्या पहिल्या पंगतीत कोणाला कुठं बसवायचं हे माझ्यावर. निघताना त्यांनी एकच गोष्ट बजावली होती, "रांगोळी काढलेला पाट नवरीच्या मामाचा. मामानं घास घेतल्याबिगर पंगत हात लावत नाही. ध्यानात ठेवजो."

मी ध्यानात ठेवलं होतं, विसरलो असं नाही म्हणणार. झालं असं की सेठ मांडवात आले, घाम पुसत इकडंतिकडं पाहू लागले, आणि मला माझ्या वडिलांची दाढी दिसली. मनात आलं, या माणसाला मी आत्ता कुठं बसवतो यावर माझं सगळं आहे. रांगोळीचा पाट रिकामा होता. मामा हात धुवायला गेले होते. मी वाकून म्हणालो, "सेठजी, इधर पधारिए."

सेठ पधारले. पत्रावळी पडल्या. भात आला, वरण आलं, वांग्याची भाजी आली. मामा हात पुसत आले. उंच, काळेसावळे, चोरखमाऱ्याकडचे चांगल्या शेतीचे गृहस्थ. पाटाकडे पाहिलं, सेठकडे पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि सरळ मांडवाबाहेर जाऊन आपल्या खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, बसले. गड्याला म्हणाले, "जुप बैल."

अख्खी पंगत पानावर हात न लावता बसून राहिली. वरणावर साय धरू लागली. सेठला काय झालं ते कळलं तेव्हा ते घाईनं उठले आणि म्हणाले, "अरे भाई, मैं तो पराए घर का कच्चा खाना, ये दाल-भात, खाता भी नहीं! मैं तो बस बुंदी लेनेवाला था!"

हे मामांच्या कानावर गेलं आणि बाहेरून गर्जना आली. "आयका! जेवनारच नाही, त्याले माह्या पाटावर बसवलं!"

नवरीचा बाप गेला, विनवून परत आला. नवरीची आई रडायला लागली. मी गेलो. माफी मागताना माझी मराठी पुस्तकी झाली. मामा बैलाकडे पाहून म्हणाले, "हे पोट्टं काय वाचून राहिलं बे?" मांडवाच्या कोपऱ्यात मास्तरांनी लाल झेंडी काढली होती आणि छातीशी आडवी धरली होती. वर केली नव्हती. तेच जास्त लागलं.

मग तेजराम भाताचं टोपलं खाली ठेवून गेला. मी बैलांच्या आडोशाला होतो, म्हणून सगळं ऐकलं. तो मामांना काही बोललाच नाही. खाचरात चढला आणि त्यांच्या शेजारी पाय सोडून बसला.

थोड्या वेळानं मामाच म्हणाले, "तू कोन?"

"वाढनारा जी."

"मंग इथं कायले बसला?"

"मीही येतो तुमच्या संगं. चोरखमाऱ्याले भात भेटंल ना जी? सकाळपासून राबून राहिलो, मले कोनी जेव म्हटलं नाही."

मामा त्याच्याकडे वळले. "सकाळपासून?"

"चहाही नाही जी."

"माह्या भाचीच्या लग्नात?" मामांचा आवाज चढला. "माह्या भाचीच्या लग्नात पोट्टं उपाशी? चाल! पाहू कोन वाढत नाही तुले! उतर खाली!" आणि तेजरामचं मनगट धरून ते मांडवात असे शिरले की बैल जुपणारा गडी जू हातात धरून पाहतच राहिला. "याले वाढा आधी! मंग मी बसन!"

मांडवात हशा पिकला. कोणीतरी तेजरामला स्वयंपाकाच्या बाजूला नेऊन पान मांडलं. पाट रिकामा झालाच होता. मी पुढं झालो आणि मामांना हाताला धरून पाटावर बसवलं. मामांनी घास घेतला. पंगत जेवू लागली.

बुंदी घ्यायला मांडवामागं गेलेले सेठ नेमके त्याच वेळी द्रोण हातात घेऊन परतले आणि माझ्यासमोर उभे राहिले. माझा हात अजून मामांच्या खांद्यावर होता. "वाह! मामाजी को मनाकर कौन लाया? आप?"

मी हो म्हटलं नाही. मी नाहीही म्हटलं नाही. मी मान खाली घातली. ती नम्रतेसारखी दिसली.

सेठ खूश झाले. पाठीवर हात ठेवला. "सोमवार से आ जाइए." मी मान वर केली तेव्हा मास्तर दोन्ही झेंड्या गुंडाळून काखेत घालत होते. त्यांनी काही ऐकलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. पण जो माणूस उन्हातान्हात आयुष्यभर लांबची गाडी ओळखत आला, त्याला एवढं दिसलं नसेल?

सोमवारी वडिलांनी दाढी केली. खाली इतका लहान, इतका गोड चेहरा निघाला की आई हसून हसून खाली बसली. त्या चेहऱ्याकडे मी पुढे कित्येक वर्षं सरळ पाहू शकलो नाही.

नियमाप्रमाणे रविवारी ओसरीवर गेलो. आता मी नोकरीवाला, शिकवण्याचा मान माझा. सगळे समोर बसलेले, तेजरामही. मास्तरांनी मला पेटीवर बसवलं, डोक्यावर हॅट ठेवली आणि दोन्ही झेंड्या माझ्या हातात दिल्या. "आज तू साहेब. विचार."

पहिला उमेदवार म्हणून त्यांनी तेजरामलाच उभं केलं. मी विचारलं, "तुम्ही काय केलं आहे?"

तेजराम नेहमीच्या आवाजात म्हणाला, "केशोरीच्या लग्नात रुसलेल्या मामाले परत आनलं जी."

पोरांना सेठनं सांगितलेलंच ठाऊक. ती ओरडली, "अबे, ते तर याचं आहे! साहेबाचंच काम साहेबाले सांगून राहिला!" हशा उसळला. मास्तर हसले नाहीत. ते माझ्या हातांकडे पाहत होते. बढाईला लाल, खऱ्याला हिरवी.

मी हिरवी वर केली.

आणि मग जे झालं ते मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा! काय मन आहे! दोस्तासाठी आपलं नाव सोडून देल्लं!" काकूंनी आतून येऊन माझ्या हातावर एक जास्तीचा वडा ठेवला. मी तोंड उघडलं होतं, त्यात तो वडा गेला. म्हणजे मी पुन्हा गप्प.

मास्तर हॅट काढून घेताना हळूच म्हणाले, "झेंडी बरोबर आहे. पन गाडी हलली नाही." तेजराम शेजारीच होता, त्यानंही ऐकलं.

घरी जाताना मी त्याला फाटकाशी थांबवलं. "तेजराम, मी सेठकडे जाऊन..."

"राहू दे बे," तो म्हणाला. "तुह्या बापाची दाढी मलेच पाहावत नव्हती."

आणि तो काही अडून राहिला नाही. मामाच त्याला न्यायला आले. त्यांच्याकडे तलावाच्या पाण्यावरून, आधी कोणाच्या धानाच्या बांधीत सोडायचं यावरून, दरसाल काठ्या निघायच्या. मामा म्हणाले, "भांडनं लय आहेत आन् जेवन भरपूर आहे, येतं का?" तो गेला. आज त्या भागात पाण्याची पाळी तेजराम लावतो आणि काठ्या आता फक्त बैलांसाठी निघतात. माझ्या हाताखाली मिलमध्ये माणसं आहेत, त्याच्या शब्दावर गावं आहेत. तरी नोकरी त्याची होती, ती मी घेतली, हे काही त्यानं मिटत नाही.

एकदा मी धीर करून सेठला सगळं सांगितलं. सेठनं ऐकून घेतलं आणि डोळे भरून म्हणाले, "बाबूजी, इतने बरस हो गए, आज भी अपनी तारीफ़ नहीं सुन सकते आप!" त्या दिवाळीला मला मोठी खुर्ची मिळाली.

मास्तर जाऊनही आता बरेच दिवस झाले. शेवटच्या दुखण्यात डॉक्टर "आता बरं वाटेल" म्हणाला तेव्हा त्यांनी उशाखालून लाल झेंडी काढून त्याला दाखवली होती. नंतर काकूंनी दोन्ही झेंड्या माझ्या हवाली केल्या. रविवार मी चालू ठेवला. ओसरी तीच, पेटी तीच, हॅटला तेवढी वाळवी लागली. आता नवी पोरं येतात. इंग्रज जाणार, खुर्च्या रिकाम्या होणार, म्हणून सगळ्यांना पुढारी व्हायचं आहे. एकानं तर परवा विचारलं, "बाबूजी, पुढारी व्हायले आधी काय शिकावं लागते?"

तेजराम त्या दिवशी नवा तांदूळ घेऊन आला होता, ओसरीच्या कडेला बसून पान लावत होता. मी म्हटलं, बसा, सांगतो. आणि केशोरीचं सगळं सांगितलं. पाट, सेठ, खाचर, मान खाली घातली तेही.

पोरं भारावून गेली. तोच विचारणारा म्हणाला, "काय मोठं मन जी तुमचं! सारं नाव दोस्ताले देऊन राहिले!"

तेजराम इतका हसला की त्याला ठसका लागला. "पाह्य बाप्पा! आता तर मलेही वाटून राहिलं का मामाले तूच आनलं होतं!"

मी उठलो. खुंटीवरची लाल झेंडी काढली आणि स्वतःच्या डोक्यावर धरली.

"हे काऊन जी?" पोरगा गोंधळला.

"ऐक. मोठं मन वगैरे काही नाही. मामाचा पाट सेठला मी दिला, सेठनं मला पाहावं म्हणून. मामाला यानं आणलं. सेठनं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, कारण मला नोकरी हवी होती. यालाही हवी होती, हे मला माहीत होतं."

कोणी टाळी वाजवली नाही. तो पोरगा खाली पाहत म्हणाला, "म्हंजे नोकरी यांची होती?"

"हो."

माझा हात भरून आला होता, पण झेंडी खाली घ्यावीशी वाटेना. तेजरामचं हसू थांबलं होतं. पान तसंच हातात ठेवून तो उठला, खुंटीवरून हिरवी घेतली आणि पायरीवर उभं राहून मास्तर करायचे तशी मनगटातून फडकवली.

"हलली बाप्पा गाडी," तो म्हणाला. "घे ते लाल खाली. काकूंचा भात थंडा होऊन राहिला."

आत पाट मांडायचे होते. ते काम मी कोणाला करू दिलं नाही. पण बसवण्याआधी या खेपेला विचारलं, "तेजराम, पहिला पाट कोणाचा?"

"कोनाचाही राहू दे बे," तो हात धुता धुता म्हणाला. "फक्त जेवनाऱ्याले बसवजो."